समुद्र नाही, म्हणूनच!

पाणबुड्याच्या पाठीवरची हवेची टाकी कशी ठेवावी, कशी उचलावी, कधी बाद करावी, हा विषय गोंदिया जिल्ह्यात काढून बघा. चार उत्तरं हमखास मिळतात. पहिलं, हा विषय मालवण-तारकर्लीचा. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खं राज्य पालथं घालून जिथे थांबते, त्या गावाला समुद्राचं काय देणंघेणं? दुसरं, ‘हवाच तं आहे नं जी तिच्यात, काय होते!’ तिसरं, वेल्डिंगवाले ऑक्सिजनचे सिलिंडर रोज पायाने लोळवतात, त्यांना कधी काही झालं? आणि चौथं, सगळ्यांत शहाणपणाचं वाटणारं: टाकी वर्षभर खोलीत पडून असते, वापरच नाही तर बिघडेल कशाने?

चारही उत्तरं चुकीची आहेत. पहिली तीन अज्ञानातून येतात, त्यामुळे समजावून सांगितली की सुटतात. चौथं मात्र आपल्या कारभाराच्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि माणसाचा जीव जायला तेवढं एक पुरेसं आहे. मालवणात हंगामात टाकी रोज भरली जाते, रोज रिकामी होते, रोज कुणाच्या तरी हातातून आणि नजरेखालून जाते. समुद्र नसलेल्या जिल्ह्यात ती महिनोन्‌महिने कुलपात राहते आणि जेव्हा निघते तेव्हा थेट कुणाच्या तरी पाठीवर चढते. म्हणून साठवणुकीचा प्रश्न किनाऱ्यापेक्षा गोंदियासारख्या ठिकाणी जास्त गंभीर आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी ‘इथे पाणीच कुठे’ हा मुद्दा निकालात काढू. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा म्हणूनच ओळखला जातो. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, गावोगावचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, उत्तरेकडून येणारी वैनगंगा आणि तिला मिळणारी बाघ नदी, एवढं पाणी ज्याच्या नकाशावर आहे त्या जिल्ह्याने पाण्याखालच्या कामाकडे पाठ फिरवणं परवडणारं नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि वैनगंगेच्या काठाने गोंदिया-भंडाऱ्यापासून खाली गडचिरोलीपर्यंत गावांची दैना उडाली. गणपती-दुर्गा विसर्जन असो की नावेचा अपघात, बुडालेल्याला शोधायला आधी गावातले मासेमार ढिवर बांधव उतरतात, मग जिल्ह्याचं शोध व बचाव पथक येतं, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं की नागपूरहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाला बोलावणं जातं.

विहिरींची गोष्ट तर आणखी जवळची आहे. बरेच दिवस उपसा नसलेल्या विहिरीत मोटार काढायला एक जण उतरतो, वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तिथेच राहतो. विदर्भातल्या गावांना ही बातमी नवी नाही. अशा विहिरीत किंवा धुराने भरलेल्या गोदामात शिरणाऱ्या जवानाच्या पाठीवर जी टाकी लागते ती पाणबुड्याच्या टाकीची सख्खी बहीण आहे. आत तशीच दाबलेली हवा, दाब 200 ते 300 बार, आणि सांभाळण्याचे नियम जवळपास तेच. तेव्हा समुद्र नसेना का, टाकीशी गोंदियाचा संबंध आहेच.

आता ‘हवाच तर आहे’. 12 लिटरची टाकी 200 बारला भरली की तिच्यात 2400 लिटर हवा मावते. या हवेचं वजनच जवळजवळ तीन किलो भरतं. ती एकदम सुटली तर पसरता पसरता थंड होते, हे हिशेबात धरूनही बाहेर पडणारी ऊर्जा साडेचार लाख जूलच्या घरात जाते. ताशी शंभर किलोमीटरने निघालेल्या एक टनाच्या मोटारीत जेवढा जोर असतो, त्याहून हा थोडा जास्तच. व्हॉल्व्ह बसतो ते तोंड जेमतेम 25 मिलिमीटरचं, पण भरलेल्या टाकीत त्याला आतून बाहेर ढकलणारा भार सुमारे एक टन असतो. हा एक टन तोलून धरतात ते फक्त काही आटे. म्हणूनच एका मापाच्या आट्यांच्या टाकीला दुसऱ्या मापाचा व्हॉल्व्ह ‘बसतोय ना, मग झालं’ म्हणून पिळून बसवणं हा जगभरातल्या पाणबुड्यांना ठाऊक असलेला जीवघेणा प्रकार आहे. पाऊण इंची मानेत 25 मिलिमीटरचा मेट्रिक व्हॉल्व्ह हाताला घट्ट वाटतो, थोडा दाब सहनही करतो, आणि भरताना समोर उभ्या माणसाच्या दिशेने उडतो. जुन्या बाजारातून टाकी एकीकडून आणि व्हॉल्व्ह दुसरीकडून जमवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण भीतीचा बाजार मांडून प्रतिवाद होत नाही. 1975 च्या ‘जॉज’ चित्रपटात शार्कच्या जबड्यातली टाकी गोळी लागताच स्फोट होऊन फुटते. प्रत्यक्षात धडधाकट टाकीला गोळी लागली तर भोक पडतं, हवा जोराने सुटते, टाकी भरकटते. सिनेमातला स्फोट होत नाही. उन्हाचंही तसंच. 25 अंशाला 200 बारपर्यंत भरलेली टाकी मे महिन्यात बंद गाडीत 65 अंशांपर्यंत तापली, तर दाब 227 बारच्या आसपास जातो. चांगली टाकी हे निमूट सहन करते, कारण तिची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहूनही अधिक दाबाला झालेली असते. म्हणजे उन्हाने टाकी फुटते, ही ओरडही अर्धवटच. प्रश्न एवढाच की आपल्यासमोरची टाकी धडधाकट आहे, हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? रंग चकचकीत आहे म्हणून?

तिसरं उत्तर वेल्डिंगच्या दुकानाचं. तिथला औद्योगिक ऑक्सिजनचा सिलिंडर साधारण 150 बारचा, जाड पोलादाचा, आणि वाहतुकीत व्हॉल्व्हवर लोखंडी टोपी घालायची असते. पाणबुड्याच्या टाकीचा दाब त्याहून चढा, आणि तिचा पितळी व्हॉल्व्ह उघडाच बाहेर डोकावत असतो. उभी ठेवलेली टाकी फरशीवर आडवी कोसळली तर पहिला मार त्याच व्हॉल्व्हला बसतो. म्हणून पाणबुड्यांमध्ये शिस्त अशी, की हात सोडायचा असेल तर टाकी आडवी करायची आणि दोन्ही बाजूंनी अडवण लावायची. उभी ठेवायची असेल तर पट्ट्याने भिंतीला बांधायची. शिवाय वेल्डिंगचा सिलिंडर दर काही दिवसांनी भरणाऱ्या कंपनीकडे परत जातो आणि दरवेळी तिथे कुणीतरी त्याच्या खांद्यावरची चाचणीची तारीख बघायची असते. पाणबुड्याची टाकी मालकाच्या ताब्यात राहते. मालकाने बघितलं नाही तर कुणीच बघत नाही. आणि ‘काही झालं नाही’ या पुराव्याबद्दल एकच बोलतो: ज्यांचं काही झालं, ते वाद घालायला आपल्यासमोर बसलेले नसतात.

आता मुख्य मुद्दा. वापर नाही, म्हणून झीज नाही. लाकडी खुर्चीबद्दल हे खरं असेल. टाकी मात्र पाण्यात जेवढी बिघडते त्याहून जास्त खोलीत बिघडू शकते, आणि त्याची तीन कारणं अगदी साधी आहेत.

पहिलं कारण ओल. दमट हवा नीट न वाळवता टाकीत भरली, किंवा ‘रिकामी आहे’ म्हणून व्हॉल्व्ह उघडा ठेवून पावसाळा काढला, की आत चमचाभर पाणी साठायला वेळ लागत नाही. पोलादी टाकी आतून गंजू लागते. दाबाखाली ऑक्सिजन दाट असल्यामुळे गंज अधिक वेगाने चढतो. गंज म्हणजे लोखंडाने ऑक्सिजन खाणं, आणि तो ऑक्सिजन येतो टाकीतल्याच हवेतून. बंद टाकीत हे महिनोन्‌महिने चाललं तर गेज पूर्ण दाब दाखवतं, पण आतल्या हवेत जगायला पुरेल एवढा ऑक्सिजन उरेलच असं नाही. हा सगळ्यांत फसवा मृत्यू आहे. जीव घुसमटतो तो कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. इथे तो श्वासागणिक बाहेर पडत असतो, म्हणून घुसमट जाणवतच नाही. माणूस कसलीही खूण न करता बेशुद्ध होतो, आणि तो पाण्याखाली असेल तर संपलंच. पडीक विहिरीत जे घडतं तेच इथे पाठीवरच्या टाकीत घडतं.

याच गंजामुळे टाकी साठवताना उभी ठेवायची असते. टाकीचा तळ जाड, बाजूच्या भिंती पातळ. आत पाणी असलंच तर ते जाड तळाशी राहिलेलं बरं. टाकी आडवी पडून राहिली तर पातळ भिंतीला एकाच रेषेत गंज खात जातो, आणि भरताना टाकी नेमकी तिथे दगा देऊ शकते.

दुसरं कारण धातूचं. अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून 1980 चं दशक संपेपर्यंत 6351 नावाच्या मिश्रधातूच्या ॲल्युमिनियम टाक्या बनत होत्या. पुढे त्यांच्या मानेत आट्यांजवळ केसासारखे तडे सापडू लागले. कुणी आपटल्या म्हणून हे तडे गेलेले नव्हते. दाब धरून नुसतं उभं राहिल्याने ते हळूहळू वाढत गेले होते. काही टाक्या भरताना फुटल्या आणि माणसं जखमी झाली, मेली. लक्सफर कंपनीने 1988 मध्ये अमेरिकेतलं उत्पादन 6061 या दुसऱ्या मिश्रधातूवर नेलं, आणि 2007 पासून तिथे जुन्या टाक्यांच्या मानेची विद्युतप्रवाहाने तडे हुडकणारी चाचणी सक्तीची झाली. अशी टाकी जुन्या मालातून फिरत फिरत आपल्याकडे कुठे पोचली, तर ‘वापर नाही म्हणून चांगली’ हे तिच्याबाबतीत कसं म्हणणार?

तिसरं कारण माणसाचं. जी वस्तू रोज हातात येत नाही तिचं गेज अडकलंय, रबरी ओ-रिंग कडक झालीय, व्हॉल्व्ह फिरत नाही, हे कळतच नाही. ते कळतं वैनगंगेवरच्या डांगोरलीच्या घाटावर, काठावर नातेवाईक उभे असताना. मग कुणीतरी पान्याने व्हॉल्व्ह ठोकतो, कुणी त्याला तेल सोडतो. तेल तर अजिबात चालत नाही. दाबाखालच्या ऑक्सिजनशी तेलाची गाठ पडली की पेट घ्यायला ठिणगीही लागत नाही, आणि पाणबुड्याच्या व्हॉल्व्हमधलं तेल शेवटी त्याच्याच फुप्फुसात जातं.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. साठवणुकीचा सर्वसाधारण सल्ला असा, की टाकी दीर्घकाळ ठेवायची तर भरलेली ठेवू नये. 10-20 बार हवा आत ठेवून व्हॉल्व्ह घट्ट बंद करावा, म्हणजे बाहेरची ओल शिरत नाही. या सल्ल्याला दुसरंही कारण आहे: आग लागली तर भरलेल्या टाकीतला दाब चढून सुरक्षा चकती फुटते आणि हवा निघून जाते, अर्धवट भरलेल्या ॲल्युमिनियमच्या टाकीत मात्र चकती फुटण्याआधीच धातू नरम पडू शकतो. म्हणून ठेवायची तर जवळपास रिकामी. पण बचाव पथकाची टाकी 15 बारवर ठेवली तर हाक आल्यावर ती काय कामाची? ती भरलेलीच हवी. मग उपाय एकच, फेरपालट. टाकीवर भरल्याची तारीख लिहायची, ठरलेल्या काही महिन्यांनी हवा सोडून नवी भरायची, आणि पावसाळा तोंडावर आला की सगळ्या टाक्या ताज्या हवेने भरून घ्यायच्या. यात खर्च हवेचा आणि मजुरीचा. टाकी घ्यायला जेवढा लागला त्याच्यापुढे किरकोळ. पण खरेदीला मंजुरी मिळते, उद्घाटनाला फोटो निघतो, आणि तीन महिन्यांनी हवा बदलायला मात्र कुठल्याच शीर्षाखाली तरतूद नसते. आपल्या कारभाराचा दोष तोच.

हवा कुठून भरायची, हाही विचार हवा. बातम्यांतही पाणबुड्याच्या टाकीला सर्रास ऑक्सिजनची टाकी म्हटलं जातं, आणि मग दवाखान्यातून किंवा वेल्डिंगच्या दुकानातून भरून आणू, असं कुणाच्या तरी मनात येतं. टाकीत साधी, गाळलेली, कोरडी हवा असते, 21 टक्के ऑक्सिजनची. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषासारखा वागतो. पाणबुड्याला झटके येतात, तोंडातलं यंत्र सुटतं. दुसऱ्या टोकाला, ज्या कॉम्प्रेसरची हवा ओढणारी नळी त्याच्याच पेट्रोल इंजिनाच्या धुराड्याशेजारी आहे, तो टाकीत कार्बन मोनॉक्साइड भरतो. वास नाही, रंग नाही, आणि खोल पाण्यात दाबामुळे त्याचं विष अधिक चढतं.

आता नियमांबद्दल. ‘नियम कागदावर असतात’ हे वाक्य गोंदियाला शोभत नाही, कारण हे नियम राबवणारं देशाचं मुख्यालय गोंदियाहून गाडीने काही तासांवर, नागपुरात आहे. पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, 1898 पासूनच्या परंपरेची. 1884 च्या स्फोटके कायद्याखाली केलेले गॅस सिलिंडर नियम 2016 तिथूनच राबवले जातात. दाबलेल्या हवेचा सिलिंडर स्फोटकांच्या कायद्याखाली येतो, एवढी एकच बाब ‘हवाच तर आहे’ म्हणणाऱ्याला पुरेशी व्हावी. नियम सांगतात ते साधंच आहे: सिलिंडर थंड, कोरड्या, हवेशीर, आच्छादित जागी ठेवा, भट्टी आणि उघड्या ज्वाळेपासून दूर ठेवा, भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवा, घसरवू नका, आपटू नका, व्हॉल्व्हला तेल लावू नका, भरलेला सिलिंडर सायकलवर किंवा दुचाकीवर नेऊ नका. मोटारसायकलवर मागे बसून मांडीवर सिलिंडर धरलेला माणूस ज्याने पाहिला नाही, त्याने आपल्याकडचा रस्ताच पाहिलेला नाही.

टाकीचं सगळं चरित्र तिच्या खांद्यावर ठोकलेलं असतं. भिंग घेऊन बसा: बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, कामाचा दाब, चाचणीचा दाब, पाण्याच्या मापात धारणशक्ती, रिकामं वजन, आणि चाचण्यांचे महिना-वर्ष. यातलं रिकामं वजन फार बोलकं आहे. आज काट्यावर घालून ते पाच टक्क्यांहून अधिक घटलेलं निघालं, तर तेवढा धातू गंजाने खाल्ला, आणि अशी टाकी नियमानुसार मोडीतच काढायची. मोडीत म्हणजे भंगारवाल्याला अख्खी विकणं नव्हे; चेपून किंवा कापून, पुन्हा कुणी भरू शकणार नाही अशी करणं. दाबाची चाचणी पाण्याने घेतात, कारण पाणी फारसं दाबलं जात नाही. टाकी फाटलीच तर नुसता फवारा उडतो. दाब काढल्यावर टाकी मूळ आकाराला परत येते का, हे त्यात पाहतात. फुगवट्याचा दहा टक्क्यांहून अधिक भाग कायम राहिला तर टाकी नापास.

एक शेवटचा युक्तिवाद राहतो, आणि तो चांगल्या मनाने केला जातो: बाहेरून पथक येईपर्यंत वेळ जातो, मग आपल्या ढिवर तरुणांनाच टाक्या द्या, त्यांच्याइतकं पाणी कोण ओळखतं? पाणी ते ओळखतात, यात वादच नाही. पण श्वास कोंडून बुडी मारणं हे ज्याच्या हाडीमाशी खिळलंय, त्याला प्रशिक्षणाविना टाकी देणं म्हणजे त्याच्याच कौशल्याने त्याचा घात करणं. दहा मीटरवर टाकीतून घेतलेला श्वास कोंडून तो वर आला, तर छातीतली हवा पृष्ठभागाशी दुप्पट होते आणि फुप्फुस फाटतं. त्यापेक्षा उथळ पाण्यातही हे घडू शकतं. त्यांना टाक्या जरूर द्या. पण आधी शिकवा, मानधन द्या, विमा काढा, आणि टाकी सांभाळण्याचं काम त्यांच्यातल्याच प्रशिक्षित माणसाच्या हाती द्या. वर्षातून एकदा कुलूप उघडणाऱ्या कारकुनापेक्षा ज्याला ती पाठीवर घ्यायची आहे तो तिची निगा जास्त राखेल.

म्हणून मागणी लांबलचक नाही. जिल्ह्यात ज्या ज्या कार्यालयात, अग्निशमन केंद्रात, कारखान्यात श्वास घेण्याच्या हवेची टाकी आहे, तिथे एक नोंदवही असावी: अनुक्रमांक, शेवटच्या दाबचाचणीचा महिना, आतून तपासल्याची तारीख, हवा भरल्याची तारीख, आणि सही करणाऱ्याचं नाव. ही नोंद दर वर्षी पावसाळ्यापूर्वीच्या आपत्ती बैठकीत बोटी आणि दोरखंडांच्या बरोबरीने वाचली जावी. चाचणीची मुदत टळलेली टाकी त्याच दिवशी हवा सोडून बाजूला काढावी, मग ती कितीही नवी दिसो. ज्यांना हे फार वाटतं त्यांनी आपल्या ताब्यातल्या टाकीच्या खांद्यावरची शेवटची तारीख न बघता सांगावी. सांगता आली नाही, तर ती टाकी घेऊन कुणाला पाण्यात किंवा विहिरीत उतरवण्याचा अधिकार त्यांना नाही.